भुयार कुठे निघतं?

पंचवटीतल्या सीतागुंफेत पहिल्यांदा उतरले तेव्हा मी सात वर्षांची असेन. ज्यांनी ती पाहिलीय त्यांना ठाऊक आहे, तिथे ताठ मानेने जाता येत नाही. बसायचं, सरकायचं, मान खांद्यात ओढून घ्यायची आणि पुढच्या बाईच्या पातळाचा काठ दिसेल तेवढ्याच भरवशावर पायरी चाचपायची. आत उदबत्तीचा, घामाचा आणि ओल्या दगडाचा वास. मागून मामेभाऊ कानाशी लागला, "इथून एक भुयार जातं. थेट रामशेजच्या किल्ल्यावर. आता बुजवलंय."

कोणी बुजवलं, का बुजवलं, हे त्याला माहीत नव्हतं. माहीत नसल्यामुळेच ते खरं वाटलं.

बाबा बाहेर चपला सांभाळत उभे होते. देवळात न येणाऱ्या माणसाकडे हे काम आपोआप येतं. मी धापा टाकत त्यांना विचारलं, "बाबा, भुयार कुठे निघतं?"

"इथेच की," ते म्हणाले. "चपलांपाशी."

या उत्तराने माझं समाधान झालं असतं, तर पुढची तीस वर्षं मी ज्या पुस्तकांच्या नादी लागले त्यांच्या नादी लागले नसते. धर्म, गुप्त मंडळं, शतकानुशतकं दडवलेलं एखादं सत्य आणि ते उघडकीला येऊ नये म्हणून पडणारे मुडदे. असलं काही मलपृष्ठावर दिसलं की मी पुस्तक खाली ठेवत नाही. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं. तिथे मी गंभीर साहित्याची वाचक म्हणून दोन पुस्तकं घ्यायचे. वरचं दाखवायचं, खालचं वाचायचं. २००३ साली 'द दा विंची कोड' या अमेरिकी कादंबरीने जगभर धुमाकूळ घातला आणि पुढे मराठी अनुवादाची प्रत हाती आली, त्या रात्री आमच्याकडे कुकरची वरणाची शिटी कोणी मोजली नाही.

या कादंबऱ्यांची पाककृती मला पाठ आहे. सुरुवातीला एक म्हातारा विद्वान मरतो, पण लगेच मरत नाही. कूटलेख लिहून ठेवण्याइतका वेळ त्याला मिळतो. मारेकऱ्याचं नाव लिहायला मात्र मिळत नाही. मग एक प्राध्यापक येतो. त्याला कधीही पेपर तपासायचे नसतात. त्याच्यासोबत एक हुशार बाई असते, तिला सगळं येतं, तरी समजावून तिलाच सांगायचं असतं. एक पिसाटलेला भक्त मागावर. एक भला म्हातारा मदतनीस, जो शेवटून तिसऱ्या प्रकरणात वाईट निघतो. आणि सगळं चोवीस तासांत! नाशिकहून मुंबईला कसाऱ्याच्या घाटातून वेळेवर पोचताना आपली तारांबळ उडते. ही माणसं एका रात्रीत तीन देश, चार चर्च आणि दोन हजार वर्षं उरकतात.

हे सगळं कळत असूनही मी वाचते. का, हे शोधायला मला बराच काळ लागला, आणि त्यात बाबा वाटेत आले.

बाबा नाशिकरोडच्या नोट प्रेसमध्ये होते. नोटा तिथे १९२८ पासून छापल्या जातात. आमच्याकडे 'प्रेस' म्हटलं की वर्तमानपत्र कोणाच्या डोक्यात येत नाही. गुप्ततेचा बुरुज म्हणावा अशी जागा, आणि माझा बाप तिथे रोज डबा घेऊन जायचा. जाताना झडती, येताना झडती. लहानपणी मला वाटायचं, बाबांना काहीतरी भयंकर ठाऊक आहे. मी खोदून खोदून विचारायचे. ते कामाबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत. बोलायचे ते कॅन्टीनच्या पातळ आमटीबद्दल. ती आमटी मी त्यांच्या मौनाचा एक भाग समजायचे, एखादा सांकेतिक शब्द असावा तशी. फार वर्षांनी कळलं, आमटी खरोखरच पातळ होती.

ती कादंबरी त्यांनी दोन दिवसांत वाचून काढली. चष्मा पुसत म्हणाले, "लिहिलंय झकास. पण एवढी माणसं, एवढी शतकं, गप्प बसली? आमच्याकडे दुपारी वडा आहे हे सकाळी दहाला गेटपर्यंत पोचलेलं असायचं."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे २०१६च्या नोव्हेंबरात नोटबंदी झाली आणि नव्या दोन हजारांच्या नोटेत चिप आहे, ती जमिनीखालूनही उपग्रहाला दिसते, अशी बातमी टीव्हीवरून घरोघर पोचली. असं काही नाही, हे रिझर्व्ह बँकेकडून सांगून झालं. पण आमच्या कॉलनीत रिझर्व्ह बँक म्हणजे बाबा. निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी संध्याकाळी शेजारचे काका आले, दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "आहे ना?"

"नाही हो. कागदच आहे तो."

काकांनी बाबांच्या हातावर थोपटलं. "कळतं मला. तुम्हाला सांगता येत नसेल." आणि चहा न घेता, अतिशय समाधानाने गेले.

बाबा त्या दिवशी हसले, पण मग बराच वेळ गप्प होते. नाही म्हटलं की खात्री पटते आणि गप्प बसलं की शिक्कामोर्तब होतं. अशा माणसाशी बोलायचं कसं? कादंबरीतही हेच चालतं. पुरावा सापडला तर कट सिद्ध, न सापडला तर तो नष्ट केला म्हणून कट दुप्पट सिद्ध. फरक एवढाच की कादंबरी साडेचारशे पानांत संपते.

गंमत अशी की खरीखुरी गुप्त संघटना पाहायला नाशिककराला पॅरिसला जायची गरज नाही. तिळभांडेश्वराच्या गल्लीत जावं. विसावं शतक उजाडताना तिथे तरुणांचा मित्रमेळा जमत असे. वरवर उत्सव, मेळे, पोवाडे, आत शपथा. १९०४ साली त्याचीच अभिनव भारत झाली. लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुलं आली, पेटीच्या खोट्या तळात दडवून, आणि ती आणणारा माणूस इंडिया हाउसमधला स्वयंपाकी होता. २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सन आपल्या निरोपाच्या नाटकाला आला असता अनंत कान्हेरेने त्याला गोळ्या घातल्या. जॅक्सन स्वतः संस्कृतचा जाणकार. कान्हेरे सतरा-अठरा वर्षांचा पोर. चारच महिन्यांनी, १९ एप्रिल १९१०ला, ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी झाली.

ही हकिगत मी शाळेत पाठ केली होती, तेव्हा त्यात फक्त शौर्य दिसलं. कटकथांची चटक लागल्यावर पुन्हा वाचली तेव्हा भलतंच काही दिसलं. धरपकड सुरू झाली तशी एकेक कडी निखळत गेली. काही जण माफीचे साक्षीदार झाले. गुप्ततेची शपथ देवासमोर घेतलेली असली तरी चौकीत देव नसतो. जगाची दोरी हाती असलेली म्हातारी माणसं या कटात कुठेच नाहीत. मिसरूड न फुटलेली मुलं आहेत, घाई आहे, उसनी हत्यारं आहेत. कादंबरीतल्या कटाला वय नसतं, म्हणून तो मरतही नाही. खरे कट फार तरुण असतात.

युरोपातल्या त्या नामांकित मंडळांची कथाही फार वेगळी नाही. इल्युमिनाटी या नावाने आजही जगाचा थरकाप उडवतात. ते मंडळ १ मे १७७६ला बव्हेरियात एका प्राध्यापकाने काढलं, दहा वर्षांच्या आत तिथल्या राज्यकर्त्याने बंदी घातली आणि सापडलेली कागदपत्रं सरकारने छापूनच टाकली. टेम्पलर या ख्रिस्ती लढवय्या पंथाच्या सरदारांना १३ ऑक्टोबर १३०७च्या शुक्रवारी फ्रान्सभर एकाच वेळी पकडलं. कारण काय, तर राजा चौथा फिलिप त्यांचा कर्जदार होता. सावकाराला पाखंडी ठरवलं की कर्ज आपोआप फिटतं, हा हिशेब आपल्याकडच्याही पुष्कळांना समजेल. पण माझं सगळ्यांत लाडकं प्रकरण म्हणजे त्या कादंबरीतलं 'प्रायरी ऑफ सायन' हे मंडळ. येशूच्या वंशाचे रखवालदार म्हणून ज्यांची कीर्ती, त्यांची स्थापना अकराव्या शतकात वगैरे झालेली नाही. १९५६ साली स्वित्झर्लंडच्या हद्दीजवळच्या एका फ्रेंच गावात पिएर प्लांतार आणि त्याच्या तीन सोबत्यांनी ते काढलं आणि सरकारदरबारी रीतसर नोंदवलं. स्वस्त घरांसाठी भांडणं हा त्यांचा सुरुवातीचा उद्योग. पुढे प्लांतारच्या डोक्यात राजवंशाचं वारं शिरलं आणि बनावट वंशावळी पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गुपचूप दाखल झाल्या, म्हणजे पुढे कोणीतरी त्या तिथे 'शोधून' काढाव्यात.

बाबांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की ठसका लागला. "म्हणजे आपलं गणपती मंडळच की! चार पोरं, एक रबरी शिक्का आणि सातशे वर्षांची परंपरा."

सगळीच बनावट अशी हसण्यावारी नेता येत नाही. ज्यू मंडळी जग ताब्यात घ्यायला बसलीत असं सांगणारे ते कुप्रसिद्ध कागद १९०३ साली रशियात छापले गेले. १९२१ साली लंडनच्या टाइम्सने ओळीला ओळ लावून दाखवलं की हा मजकूर एका जुन्या फ्रेंच राजकीय उपहासातून उचललाय. त्यात ज्यूंचा उल्लेखसुद्धा नव्हता. चोरी पकडली गेली, म्हणून काही बिघडलं नाही. हिटलरने ते कागद वापरायचे तसे वापरले. रात्री दिव्याखाली मला गुदगुल्या करणारी कथा आणि ही कथा, दोन्हींचा सांगाडा एकच आहे: ते थोडे आहेत, ते लपलेले आहेत, आपल्यावर जे येतं ते त्यांच्यामुळे येतं. हे कळल्यानंतरही मी वाचायचं सोडलं नाही. हे लिहिताना थोडं ओशाळल्यासारखं होतं आहे, पण आहे ते आहे.

एकदा, निवृत्तीनंतर, बाबांना घेऊन पांडवलेणी चढले. त्यांचे गुडघे तेव्हा चालत होते. चोवीस लेणी, आणि नावाशी पांडवांचा काडीचा संबंध नाही; कोरणारे कोण हे गाव विसरलं आणि भिंतीवरची अक्षरं वाचता येईनाशी झाली, म्हणून पांडव आणले. मला तर ती अक्षरं लहानपणापासून खुणावायची. एवढ्या उंचावर, एवढ्या खोल कोरलेली अगम्य लिपी; नक्की खजिना, नक्की शाप. १८३७ साली जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी लिपीचं कोडं सोडवलं आणि पुढे ही भिंतही वाचता आली. दहाव्या लेण्यातला उषवदाताचा लेख मी घरून वहीत उतरवून नेला होता, तो तिथे कठड्यावर बसून बाबांना वाचून दाखवला.

खजिनाच होता, एका अर्थी. क्षत्रप राजा नहपानाच्या या जावयाने, उषवदाताने, लेण्यातल्या भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेव ठेवली. कुठे, तर गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. दोन हजार एकीकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मोडायचं नाही, व्याज तेवढं वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासातल्या, म्हणजे पावसाळ्यात तिथे मुक्काम करणाऱ्या, वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, प्रत्येकी बारा.

"थांब," बाबा म्हणाले. खिशातून बसचं तिकीट काढलं, मागे पेनने आकडे मांडले. "दोन हजारावर महिना वीस. वर्षाला दोनशे चाळीस. वीस माणसं, बारा-बारा. दोनशे चाळीस." तिकीट माझ्यापुढे धरलं. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब चोख जुळला होता. त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद मी पाहिला तो कुठल्याच कादंबरीतल्या प्राध्यापकाच्या चेहऱ्यावर पाहिलेला नाही. मग म्हणाले, "वर्षाला बारा टक्के. माझ्या एफडीला विचार जरा."

शेवटी लेख सांगतो की हे सगळं निगमसभेत ऐकवलं आणि रिवाजाप्रमाणे फलकावर नोंदवलं. म्हणजे आधी गावाला सांगितलं, मग दप्तरी घातलं आणि मग डोंगरात कोरलं. कोणी उद्या नाकबूल होऊ नये म्हणून! आणि तीच अक्षरं मी गुपित समजून पाहत आले होते.

खाली उतरताना तिसऱ्या लेण्यापाशी आम्ही पुन्हा थांबलो. तिथला मोठा लेख एका बाईचा आहे, गौतमी बलश्रीचा. मुलगा गेला, नातू पुळुमावी राज्यावर, आणि ही म्हातारी राणी आपल्या मुलाचं वर्णन दगडात घालते आहे. मुलाची ओळखही आईच्याच नावाने: गौतमीपुत्र. तेव्हा मी ते नुसतं वाचलं. पुढे त्याची आठवण होईल असं काही वाटलं नव्हतं.

बाबांचं दुखणं आलं ते कशाचाही सुगावा न देता. तपासण्या नॉर्मल, तपासण्या नॉर्मल, आणि मग एकदम नाही. त्या दोन महिन्यांत दवाखान्याच्या बाकावर, रात्री, मोबाइलवर मी जेवढ्या कटकथा वाचल्या तेवढ्या आयुष्यात वाचल्या नसतील. बहीण नाही, भाऊ नाही, आई झोपेच्या गोळीवर. डॉक्टरांना विचारलं, कशामुळे झालं? ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "असं एक कारण नाही सांगता येत." आणि मी बाकावर परत येऊन उघडायचे ते पान, जिथे प्रत्येक गोष्टीला कारण होतं. तिथे कोणी उगाच मरत नाही. मारणारा असतो, त्याचा हेतू असतो, मरणाऱ्याच्या मुठीत चिठ्ठी असते. जगाचा कारभार दुष्टांच्या हाती आहे, हे वाचून भीती वाटायला हवी होती. मला धीर यायचा. कोणाच्या तरी हाती आहे ना!

बाबा गेले तेव्हा मुठीत चिठ्ठी नव्हती. कपाटात वीजबिलं तारखेवार लावलेली, बँकेची पुस्तकं आणि एक पितळी किल्ली. छोटी, झिजलेली. आईला माहीत नाही. घरातली सगळी कुलपं, जुनी ट्रंक, माळ्यावरची पेटी, गोदरेजचा आतला खण, सगळीकडे लावून पाहिली. एका रविवारी चार तास मी हेच करत होते. शेवटी आई दारात येऊन म्हणाली, "अगं, जुन्या सायकलची असेल." सायकल ऐंशीच्या दशकातच विकली होती. असेलही.

वर्षश्राद्ध झाल्यावर लेकीला घेऊन रामकुंडाजवळ आमच्या तीर्थोपाध्यायांकडे गेले. अस्थी विसर्जनाच्या वेळी नाव लिहायचं राहून गेलं होतं. गुरुजींनी गाव विचारलं, आडनाव विचारलं, आतून लाल फडक्यात बांधलेलं लांबट बाड आणलं आणि दोन मिनिटांत पान काढलं. कुठलाही संगणक नाही, कूटलेख नाही. त्या पानावर बाबांचं अक्षर. १९७८, आजोबा गेले तेव्हाचं. 'स्वतः आलो होतो.' खाली लफ्फेदार सही, जी पुढे नोकरीत आखडत गेली. देवळाबाहेर चपला सांभाळणारा माझा बाप एकदा इथे या चटईवर बसून गेला होता. वरच्या बाजूला पणजोबांची नोंद मोडीत. ती मला वाचता येईना. गुरुजींनी बोट फिरवत वाचून दाखवली. त्याच्याही वर आणखी दोन पिढ्या.

ज्या वंशावळीसाठी त्या कादंबरीत माणसं एकमेकांचे गळे कापतात, ती इथे फडक्यात बांधून फळीवर ठेवलेली. राजाची नव्हे, सिन्नरकडच्या कोरडवाहू शेतकऱ्यांची.

मी पानं मागेपुढे केली. पाच पिढ्यांचे पुरुष. बायका शोधल्या. एका ठिकाणी 'सौ.' एवढंच, पुढे नाव नाही. आत्या तीन, त्यांचा पत्ताच नाही. त्या गाजलेल्या कादंबरीतलं मोठं गुपित तरी दुसरं काय आहे? एका बाईचं नाव पुसलं गेलं आणि वंश लेकीकडून चालत आला. त्यासाठी केवढं चर्च, केवढे मारेकरी, दोन हजार वर्षांचा पहारा! आमच्या पानावर हे काम कोणी न सांगता झालं होतं.

मी गुरुजींना विचारलं, "लेकीचं नाव इथे लिहू नये असं काही आहे का?"

"तुमचं पान सासरच्या गावाच्या चोपडीत, ताई."

"तिथे सून म्हणून. इथे?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. विचार केला. खरंच केला, टोलवलं नाही. "लिहू नये असं कुठे लिहिलेलं नाही. कोणी लिहिलं नाही एवढंच." आणि पेन पुढे केलं.

मी बाबांचं नाव, तारीख, तिथी लिहिली. त्याखाली 'एकुलती मुलगी' आणि माझं नाव. त्याखाली लेकीचं. पेन मध्येच अडलं, तिच्या नावाच्या शेवटच्या अक्षराला दोनदा गिरवावं लागलं. गुरुजींनी शाई वाळू दिली, फडकं बांधलं. बाहेर धुळ्याकडची मंडळी ताटकळली होती.

परतताना लेकीने हट्ट धरला म्हणून सीतागुंफेच्या रांगेत लागलो. ती आत गेली, मी बाहेर चपला घेऊन उभी राहिले. बाबांची जागा मी कधी घेतली ते माझं मलाच कळलं नाही. पर्समध्ये ती पितळी किल्ली होती, उगीचच. दहा मिनिटांनी पोरगी दुसऱ्या बाजूने बाहेर आली. कपाळावर कुंकू पसरलेलं, कोपराला माती.

"आई, आत एक मुलगा सांगत होता, इथून भुयार आहे. कुठे निघतं गं ते?"

बाबांचं उत्तर ओठावर आलं होतं. चपला तर हातातच होत्या.

"रामशेजला," मी म्हटलं.